रिह्याचा पाळलेला मंगळवार

रिह्याला पाहण्यासारखं काय आहे, असं परत आल्यावर ऑफिसात मला बऱ्याच जणींनी विचारलं. खरं सांगायचं तर फारसं काही नाही. किल्ला नाही, हॉटेल नाही. चहाची टपरी आहे, पण ती मालकाच्या मनावर चालते. भातखाचरं मात्र नजर जाईल तिथपर्यंत आहेत आणि तिन्ही बाजूंनी डोंगर आहेत. ज्यांना जायचं असेल त्यांनी श्रावणात जावं, पण मंगळवार सोडून. तो का सोडायचा, हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत प्रशासन विभाग सांभाळते. खुर्ची मोडली, एसी गळायला लागला, रात्रपाळीची बस आली नाही, पोह्यात केस निघाला, की लोक ज्या टेबलाशी येतात ते माझं टेबल. काम मला आवडतं आणि जमतंही. पण त्या पावसाळ्यात झोप गेली. अंथरुणाला पाठ टेकली की उद्याची कामं एकेक करून हजेरी द्यायला लागायची. डावी पापणी दिवसभर फडफडायची. कॅन्टीनवाल्याला एकदा मी इतकं बोलले की त्याने नुसतं "बरं मॅडम" म्हटलं आणि माझंच तोंड उतरलं.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या आहेतच. त्याआधी एक अख्खा दिवस काहीही न करता काढून बघा. घरी तुम्हाला जमणार नाही, बाहेर कुठेतरी जा."

"काहीही म्हणजे नक्की काय काय करायचं नाही?" मी विचारलं. ते हसले. मी खरंच विचारलं होतं.

आमच्या बसच्या एका ड्रायव्हरने रिह्याचं नाव सांगितलं. त्याच्या ओळखीची सुनंदा म्हणून एक बाई घराशेजारची खोली पाहुण्यांना देते, जेवण घरचं, गडबड नाही. मंगळवारची रजा टाकली. नवरा आणि मुलगा यांच्यासाठी फ्रिजवर सूचना लावल्या आणि निघाले.

सोमवार संध्याकाळ : घोटावड्याच्या पुढे

घोटावड्यापर्यंत कारखान्यांच्या भिंती सोबत करतात. पुढे सहा आसनी रिक्षा वळली की भिंती संपतात आणि एकदम हिरवं सुरू होतं. मी जळगावकडची. आमच्याकडे हिरवं म्हणजे केळीचं किंवा कपाशीचं, कोरड्या काळ्या मातीवरचं. इथे शेत आधी पाणी असतं, मग शेत. आवणी, म्हणजे भाताची लावणी, नुकतीच उरकली होती. रोपं पिवळसर, जरा वाकलेली, आणि त्यांच्या मधल्या पाण्यात आभाळ दिसत होतं.

सुनंदा तिशीची असावी. खोली नीट सारवलेली, खाट, दोन गोधड्या, भिंतीत दिव्यासाठी कोनाडा. खोलीच्या उंबऱ्याशी पावसाचं पाणी साचलेलं होतं, त्यात एक वीट टाकून पाय ठेवायची सोय केली होती. जेवायला तांदळाची भाकरी, कुर्डूची पालेभाजी आणि लसणाचा ठेचा. आमच्याकडे कळण्याची भाकरी थापताना जो आवाज होतो तो इथे नाही. तांदळाची भाकरी गुपचूप होते आणि कागदासारखी पांढरी असते. मी तीन खाल्ल्या.

सुनंदाचे सासरे, कोंडिबा, ओसरीवर बसून होते. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली आणि उठून गोठ्याकडे गेले.

"त्यांचं मनावर घिऊ नका, ताई," सुनंदा म्हणाली. "मामांना खोली द्यायचं पटत न्हाई. आदी हिंजवडीची पोरं आली हुती. गाडीची दारं उघडी टाकून रातभर गानी लावली. सकाळच्याला गावानं मामांना बोल लावला. तवापास्नं म्हनत्यात, आनखी एक बोल आला की खोलीला कुलूप."

"आणि मग तुझं?"

"मग घोटावड्याला, कंपनीत प्याकिंगला. हे तितंच हायेत, लावत्याल मला. पर तितं घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की खायाचं. हितं मी माझ्या चुलीपाशी बसून कमवती. ह्या खोलीपायीच चाललंय समदं." तिने माझ्या ताटात चौथी भाकरी टाकायचा प्रयत्न केला. "तुमी बाईमानूस, एकट्या. तुमच्याकडनं काय तरास हुनार?"

मी म्हटलं, अजिबात नाही.

झोपताना तिने एवढं सांगितलं, "उद्या गाव वार पाळतंय. आवणी उरकली की श्रावनातलं मंगळवार पाळत्यात. शेतात कुनी जात न्हाई, जमिनीला लोखंड लावत न्हाई. तुमाला बरंय, समदं गप असंल."

छान, म्हणजे यांनाही सुट्टी, असं मी मनात म्हटलं. त्यांच्या सुट्टीचा आणि माझ्या सुट्टीचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला वाटलं नाही.

मंगळवार सकाळ : रिहे

विश्रांतीचा दिवस कसा घालवायचा हे मी ठरवून आणलं होतं. फिरणं, निसर्ग पाहणं, वाचन, दुपारची झोप, पुन्हा फिरणं, आणि संध्याकाळच्या आधीची जीप पकडून घर. बुधवारी ऑफिसात बाहेरचे तपासनीस येणार होते, त्यामुळे मंगळवारी रात्री घरी पोचणं भाग होतं.

अडचण अशी झाली की न्याहारीच्या आत यातलं बहुतेक उरकलं. बांधावरून जाऊन आले. डोंगर पाहून झाला. एका खाचरात बगळा उभा होता, तोही पाहिला. तो बराच वेळ एका पायावर होता आणि मला त्याची घाई होत होती. पुस्तक उघडलं, तर त्याच पानावर परत परत येत राहिले. मोबाइलला रेंज नव्हती, तरी मी तो उंच धरून खोलीत चारी कोपरे फिरले. मग गोधड्यांच्या घड्या घातल्या. आधीच्या घड्या वाईट नव्हत्या, पण कडा जुळत नव्हत्या. खिडकीतली दोरी सैल होती ती ताणून बांधली. खाट जरा सरकवली, मग पहिल्या जागी बरी होती असं दिसलं.

गावात खरोखरच सगळं गप होतं. बैल बांधलेले, माणसं ओसऱ्यांवर. एक म्हातारा माझ्याकडे पाहत होता, बघण्याशिवाय दुसरं काही न करता. आमच्याकडे पोळ्याला बैल विश्रांती घेतो, पण माणूस त्या दिवशी दुप्पट पळतो. इथे माणसंही बैलांसारखीच बसून होती. मला ते बघूनच चुळबुळायला होत होतं.

मग सुनंदा आणि कोंडिबाबा दहीभाताचा नैवेद्य घेऊन देवीच्या देवळात गेले. "आराम करा, ताई," ती जाताना म्हणाली.

मी उंबऱ्यावर बसले. समोर ते साचलेलं पाणी. विटेवर पाय ठेवला की वीट डुगडुगायची. अंगणाला उतार होता, पण मध्ये मातीचा एक उंचवटा आडवा आला होता. तेवढा फोडला की पाणी आपोआप गोठ्यामागच्या ओढ्याकडे जाणार, हे कुणालाही दिसलं असतं. गोठ्याच्या भिंतीला कुदळ टेकवलेली होती.

मी पदर खोचला आणि कुदळ घेतली.

काय सांगू, त्या पावसाळ्यात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. माती ओली होती, कुदळ जड आणि चांगल्या लाकडाची. हातभर रुंदीचा चर उंबऱ्यापासून अंगणाच्या टोकापर्यंत नेला. शेवटची माती ओढली आणि पाणी आधी विचार केल्यासारखं थांबलं, मग धावत सुटलं. पापणी फडफडायची थांबली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"कोन गं तू?"

गल्लीत एक म्हातारी उभी होती. काटक, कपाळभर कुंकू, हातात फुलांची परडी. ती देवळातली गुरवीण, भागाबाई, हे मला नंतर कळलं.

"मी पाहुणी आहे. सुनंदाकडे उतरलेय."

"आन हातात काय हाय?"

"कुदळ."

"त्ये दिसतंय मला. कुनी दिली तुला आज?"

"कुणी नाही, मीच घेतली. पाणी साचलं होतं ना इथे, म्हणून..."

ती चराच्या कडेला येऊन उभी राहिली आणि त्याची लांबी डोळ्यांनी मोजत गेली. मला वाटलं, आता म्हणेल की काम झकास झालंय.

"आवशे," ती हळूच म्हणाली. "हिनं तर सरळ रेघंत फाडली."

आणि आली तशी देवळाकडे परत गेली.

ती काय म्हणाली ते मला उमगेपर्यंत गल्लीत माणसं जमली होती. कोंडिबाबा पुढे होते. त्यांनी माझ्या हातातून कुदळ घेतली, पुसली आणि भिंतीला होती तशी उभी केली. सुनंदाकडे वळून म्हणाले, "म्हनलं हुतं मी."

सुनंदाच्या हातात नैवेद्याचं रिकामं ताट होतं. ती ते दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली.

"हिला सांगितलं न्हवतं व्हय गं?" भागाबाईने विचारलं.

"सांगितलं हुतं. पर पावनं मानूस काम करंल, असं कुनाच्या डोस्क्यात यील?"

यावर गल्लीतलं कुणीतरी हसलं आणि लगेच गप झालं. मी म्हटलं की मी लगेच बुजवून टाकते. तर चारी बाजूंनी एकदम "हां हां" झालं. बुजवायलाही कुदळच लागली असती.

गावाची रीत भागाबाईने सांगितली. ज्या घरून लोखंड लागलं, त्या घरचं एक माणूस देवळात जाऊन बसतं, दिवा लागेपर्यंत. हात मांडीवर. हाताला कसलंही काम नाही. दिव्याचं तेल त्या घरानं घालायचं.

"मी बसती," सुनंदा म्हणाली.

"चूक माझी आहे, मी बसणार," मी म्हटलं.

कोंडिबाबा पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "तुमी पावन्या. आमच्या देवीचं तुमाला काय? मधीच जीपचा भोंगा वाजला की उठून जाशीला."

"उठणार नाही."

"रातच्याला सुनंदाची भाकर खाल्ली ना हिनं?" भागाबाई म्हणाली. "मंग आजच्या दिस घरचीच. बसू द्या हिला. पर बाई, मधनं उठलीस तर गाव म्हनंल, कोंडिबाच्या पावन्यांनी देवीची थट्टा मांडली. मंग ह्या पोरीच्या खोलीचं काय खरं न्हाई, बघ."

जीप गेली, घर गेलं, बुधवारची सकाळ गेली, हे मी मोजलं. मग चपला घातल्या.

मंगळवार दुपार : देवळात

देऊळ लहान आहे. दगडी जोतं, वर पत्रा, आत शेंदूर लावलेली देवी आणि समोर चार खांबांचा ओटा. त्या ओट्यावरून अख्खं खोरं दिसतं. इतकं सुंदर दृश्य मी इतक्या वैतागून कधी पाहिलेलं नाही.

भागाबाई समोरच्या खांबाला टेकून बसली. राखण करायला, असं ती म्हणाली नाही, पण तसंच होतं. पहिला काही वेळ मी ठीक होते. मग देवळाच्या पायरीशी पडलेल्या चपलांकडे लक्ष गेलं. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. मी हात लांब केला.

"ऱ्हाऊ दे."

"नुसत्या सरळ करते."

"चपला तुला काय म्हनाल्या का?"

मी हात मागे घेतला. मग तिच्या परडीतली फुलं दिसली. तेरडा वेगळा आणि झेंडू वेगळा केला असता तर हार करायला सोपं गेलं असतं. मी हात लावला नाही, पण डोळ्यांनी वेगळं करत राहिले.

"फुलं मोजतीस," भागाबाई म्हणाली.

"नाही."

"ओठ हालत्यात की तुजं."

तेवढ्यात पिशवीतला मोबाइल वाजला. सगळ्या रिह्यात रेंज कुठे नव्हती, ती नेमकी देवीच्या ओट्यावर होती. मी भागाबाईकडे पाहिलं.

"बोलनं काम न्हाई," तिने निवाडा दिला. "बोल."

फोन माझ्या हाताखालच्या कुणालचा होता. तपासनीस उद्याऐवजी आजच दुपारी येतो म्हणताहेत, वाहतुकीची फाइल सापडत नाही, मॅडम तुम्ही कुठे आहात, निघताय का. मी उठून उभी राहिले. खरंच सांगते, ठरवून नाही. फोनवर ऑफिस आलं की मी उभीच राहते. भागाबाईने मान वर करून पाहिलं. खाली गल्लीत दोन बायका थांबल्या होत्या आणि त्याही वर बघत होत्या.

मी खाली बसले.

"कुणाल, मला येता येणार नाही."

"पण मॅडम, किती वेळ? तासाभरात?"

"दिवा लागेपर्यंत."

"लाइट गेलेत का तिथे?"

"कोन हाय?" भागाबाईने विचारलं.

"ऑफिस."

"त्येला सांग, मंगळवार हाय."

दुसरं काही सुचेना म्हणून मी तेच सांगितलं. "आज मंगळवार आहे, कुणाल."

"मॅडम," तो म्हणाला, "आमच्याकडेही मंगळवारच आहे."

मला हसू आलं. फाइल कुठल्या कपाटात असावी ते सांगितलं, नाही सापडली तर उद्या देतो म्हणून लेखी द्यायला सांगितलं, आणि फोन बंद केला. तपासनिसांसमोर कुणाल एकटा उभा आहे हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. हात मांडीवर होते, पण बोटं एकमेकांत अडकवून मी ती इतकी दाबली होती की पांढरी पडली.

पाऊस आला. खोरं दिसेनासं झालं, पत्रा वाजायला लागला. आवाज कमी झाल्यावर मी भागाबाईला विचारलं, "मी तर अंगणात खणलं. शेताला हातही लावला नाही. मग काय बिघडलं?"

"जमिनीला अंगन कुटं आन शेत कुटं, कळतं व्हय?" ती म्हणाली. "रोप उपटून आनलं, दुसरीकडं लावलं. धरंल का न्हाई म्हनून आमी जीव मुठीत धरून बसल्यालो. अशात कुनी माती हालवायची न्हाई. समद्यांनी गप ऱ्हायाचं. लई अवघड असतं त्ये. तुला काय वाटलं, आमाला बसायला आवडतं? माज्या नवऱ्याला मंगळवारी ताप यायचा बसून बसून."

"मग काय करायचा तो?"

"काय करनार? माज्याशी भांडायचा. भांडनं काम न्हाई."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. सकाळपासून ओसऱ्यांवर बसलेली ती माणसं मला सुखात लोळणारी वाटली होती. त्यातल्या किती जणांचे हात माझ्यासारखे शिवशिवत होते कुणास ठाऊक.

पाऊस कमी-जास्त होत राहिला. मी बुधवारची कामं मनात लावायला घेतली, पहिली तीन लागली, चौथं कोणतं ते आठवेना. आठवण्याचा प्रयत्न केला, मग तोही राहिला. बोटं सुटली होती. खाली खाचरात एक रोप निसटून पाण्यावर तरंगत होतं, ते पुन्हा खोचायला कुणी जात नव्हतं आणि मीही नाही.

उजेड मावळताना कोंडिबाबा तेलाची बाटली घेऊन आले.

"बसल्या?" त्यांनी भागाबाईला विचारलं.

"बसली. आदी लई चुळबुळली. हापिसाचा फोन आला तवा उठली हुती, पर गेली न्हाई. मंग हात गप झालं."

फोनचं सांगितलं नसतं तर बरं, असं मला वाटलं. कोंडिबाबांनी समईत तेल घातलं, वात सारखी केली आणि दिवा लावला. आम्ही तिघांनी हात जोडले. वाटेत मी न राहवून विचारलं, "बाबा, सुनंदाच्या खोलीचं काय?"

"सकाळी बघू," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

बुधवार : उंबरा

मंगळवारी रात्री जेवायला अळूचं फदफदं आणि भात होता. सुनंदा वाढत होती. मी म्हटलं, "मी बाबांशी पुन्हा बोलते." ती म्हणाली, "नगा, ताई. तुमी आता काय बी करू नगा." ती रागावून नव्हती म्हणाली, तरी मला लागलं. खाटेवर पडले तेव्हा ऑफिस आठवत नव्हतं. तिला घंटेवर उठून पळताना पाहत होते. झोप कधी लागली ते कळलं नाही, पण इतकी गाढ लागली की कूस बदलल्याचंही आठवत नाही.

जाग आली ती कुदळीच्या आवाजाने. बाहेर नुकतं फटफटलं होतं. मंगळवार संपला होता, म्हणजे आता माती हलवायला हरकत नव्हती. कोंडिबाबा चर बुजवताहेत, हे मी पडल्या पडल्याच ओळखलं. चर बुजला की उंबऱ्याशी पुन्हा पाणी, आणि खोलीला कुलूप. मी केस न विंचरताच दार उघडलं.

रात्रीच्या पावसाचं पाणी चरातून वाहून गेलं होतं. उंबरा कोरडा होता. कोंडिबाबा चरात उभे राहून त्याच्या कडा तासत होते, आणि गोठ्यामागची एक रुंद फरशी त्यांनी ओढत आणून उंबऱ्यासमोर टाकली होती. ती चरावर आडवी बसेल एवढी जागा ते दोन्ही बाजूंनी करत होते.

फरशी उचलायला मी पुढे झाले.

"तुमी बसा," ते म्हणाले.

मी बसले. त्यांनी फरशी एकट्यानेच सरकवली, वर उभे राहून दोन्ही पायांनी हलवून पाहिली, खाली एक चपटा दगड सारला, पुन्हा हलवून पाहिली. स्वयंपाकघरात सुनंदाच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"हे कशाला, बाबा?" मी विचारलं.

"झाकाया नगो?" कोंडिबाबा कुदळीची माती निपटत म्हणाले. "शनवारी कुनी पावनं आलं रातच्या अंधारात, तर पाय जायाचा त्यात."